बेडकांचे अदृश्य राखणदार

अजिंठ्यास जाणारा प्रवासी सहसा मान वर करून चालतो. वाघूर नदीनें कोरलेल्या त्या नालाकृति कड्यांत तीस लेणीं आहेत, आणि त्यांतील चित्रें पाहण्यासाठीं जगाच्या कानाकोपऱ्यांतून लोक येतात. खालीं नदीच्या डोहांत आणि डबक्यांत कोण राहतें, इकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. मृगाचा पाऊस पडून पाणी सांठलें, म्हणजे हे खालचे रहिवासी आपल्या आवाजानें आपलें अस्तित्व जाहीर करतात. आज मी बोलणार आहें तें ह्या बेडकांविषयीं. पण वरच्या चित्रांनाहि आपण अगदींच विसरूं नये. कारण भित्तिचित्र आणि बेडूक ह्यांच्यांत एक साम्य आहे. दोघांचेंहि सारें वैभव एका पातळ पापुद्र्यावर अवलंबून असतें, आणि त्या पापुद्र्यावर कोणता उपाय करावा हा प्रश्न दोघांच्याहि बाबतींत सारखाच बिकट आहे.

आपली कातडी म्हणजे अंगावरचें एक जाड वस्त्र. बेडकाची कातडी हें त्याचें अर्धें शरीरच होय. बेडूक तोंडानें पाणी पीत नाहीं. तें तो पोटाच्या व मांड्यांच्या कातडींतून शोषून घेतो. श्वासाचाहि पुष्कळसा भाग ह्याच मार्गानें होतो. शिवाय रक्तांतील सोडियम, पोटॅशियम इत्यादि क्षारांचें प्रमाण राखण्याच्या नाजूक कामांतहि कातडीचा मोठा वांटा असतो. म्हणून जो रोग आपल्या अंगीं नायट्यासारखी नुसती खाज देऊन राहिला असता, तोच बेडकाच्या अंगीं प्राणघातक ठरतो.

असा एक रोग गेल्या पन्नास वर्षांत जगभर पसरला आहे. १९७० नंतर ऑस्ट्रेलियांतील आणि मध्य अमेरिकेंतील डोंगराळ अरण्यांतून बेडूक नाहींसे होऊं लागले. जेथें कुऱ्हाड पडली नव्हती, जेथें ओढ्यांचें पाणी निर्मळ होतें, अशा राखीव रानांतहि आज गजबजलेला ओढा कांहीं महिन्यांत मुका होई. १९९८ सालीं ह्या मृत्यूंच्या मागें एक बुरशी आहे असें दाखविण्यांत आलें, आणि पुढच्याच वर्षीं वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयांतील एका निळ्या बेडकाच्या कातडींतून ती वेगळी काढून तिचें नामकरण झालें. नांव लांबलचक आहे: बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस. आपण तिला नुसती कायट्रिड बुरशी म्हणूं.

शिळ्या भाकरीवर येणारी बुरशी आपल्या परिचयाची आहे. तिचे बीजाणु वाऱ्यावर उडतात. कायट्रिडचे बीजाणु मात्र पाण्यांत पोहतात. प्रत्येकास एकच शेपटी असते, आणि तिच्या वळवळीनें तो बेडकाचें अंग गांठतो. आपल्या नखांत व केसांत असणारें केरॅटिन नांवाचें द्रव्य बेडकाच्या कातडीच्या वरच्या थरांतहि असतें. त्या थरांत शिरून बीजाणु वाढतो, आणि कांहीं दिवसांनीं त्यांतून नव्या बीजाणूंची फौज पाण्यांत सुटते. कातडी जाड होते, तिचे पोपडे निघूं लागतात, क्षारांची ने-आण बिघडते, आणि अखेर हृदय बंद पडतें. हा शेवट नेमका कसा होतो तें २००९ सालीं ऑस्ट्रेलियांतील प्रयोगांनीं उघड झालें. पाण्यांतील शेपटीवाल्या पिल्लाच्या फक्त तोंडाशींच केरॅटिन असतें. म्हणून तें रोग वागवीत जगतें, आणि पाय फुटून प्रौढ कातडी आली म्हणजे त्यास बळी पडतें.

२०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक मोजदादींत असा निष्कर्ष काढला गेला कीं, ह्या रोगामुळें निदान ५०१ जातींच्या उभयचर प्राण्यांची संख्या घटली असून त्यांपैकीं ९० जाती नष्ट झाल्या असाव्यात. कांहीं तज्ज्ञांनीं ह्या आंकड्यांच्या पुराव्यावर आक्षेप घेतले. पण संकट मोठें आहे याविषयीं दुमत नाहीं. बेडूक गेले तर आमचें काय बिघडलें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर २०२२ सालीं मिळालें. कोस्टारिका व पनामा ह्या दोन देशांच्या जुन्या नोंदी ताडून पाहतां असें आढळलें कीं, ज्या भागांतून बेडूक गेले तेथें पुढील कांहीं वर्षें हिवतापाचे रोगी वाढले. बेडूक आणि डांस ह्यांचें नातें मुलांच्या पुस्तकांत आपण वाचतों. येथें तें दवाखान्याच्या वहींत उमटलें.

ही बुरशी आली कोठून? २०१८ सालीं जगभरच्या नमुन्यांची आनुवंशिक तपासणी झाली, तेव्हां तिचें मूळ पूर्व आशियांत, बहुधा कोरियाच्या बाजूस, असल्याचें दिसून आलें. विसाव्या शतकांत प्राण्यांच्या व्यापाराबरोबर तिचा घातक वंश देशोदेशीं पोंचला असावा. त्या शतकांत बेडूक खरोखरच दूरदूर प्रवास करीत होते: कोठें खाण्यासाठीं, कोठें शोभेच्या पेटीसाठीं, कोठें प्रयोगशाळेसाठीं. दक्षिण आफ्रिकेंतील एका नखाळ बेडकाचा उपयोग १९३० नंतरच्या काळांत स्त्रियांच्या गर्भधारणेच्या परीक्षेसाठीं होत असे, आणि त्यासाठीं तो हजारोंनीं परदेशीं पाठविला जाई. तो स्वतः ह्या बुरशीला सहज दाद देत नाहीं. पण ती अंगावर वागवूं मात्र शकतो.

आतां ह्या कथेची दुसरी बाजू पाहूं. एकाच प्रदेशांत, एकाच बुरशीच्या तावडींत सांपडून कांहीं बेडूक मरत आणि कांहीं तगून राहत. असें कां? ह्या प्रश्नाचें एक उत्तर कातडीवरच सांपडलें. जंतु म्हटले कीं आपणांस रोग आठवतो. पण आपल्या घरांत रोज रात्रीं गृहिणी जंतूंनाच कामाला लावीत असते. कोमट दुधांत चमचाभर विरजण घातलें कीं त्यांतील जंतु दुधाचा ताबा घेतात. दूध आंबट होऊन त्याचें दहीं बनतें, आणि त्या आंबटपणापुढें नासविणाऱ्या इतर जंतूंचें फारसें चालत नाहीं. बेडकाच्या ओल्या कातडीवरहि असेंच एक नैसर्गिक विरजण लागलेलें असतें. तेथें नाना जातींचे जंतु वस्ती करतात, आणि त्यांपैकीं कांहीं बुरशीला मारक अशीं द्रव्यें तयार करतात. हेच बेडकांचे अदृश्य राखणदार.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यांतील जेम्स मॅडिसन विद्यापीठाचे प्राध्यापक रीड हॅरिस व त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्या राखणदारांचा बारकाईनें शोध घेतला. सॅलॅमँडर म्हणून पालीसारखा दिसणारा एक उभयचर प्राणी आहे; त्याच्या कातडीवर त्यांना जँथिनोबॅक्टेरियम लिव्हिडम नांवाचा जंतु मिळाला. हा मातींत व पाण्यांतहि राहतो, आणि त्याच्या वसाहती जांभळ्या दिसतात. तो जांभळा रंग म्हणजे व्हायोलासीन नांवाचें द्रव्य, आणि तेंच कायट्रिडला मारक आहे. कॅलिफोर्नियांतील सिएरा नेवाडा पर्वतांत पिवळ्या पायांचा एक पहाडी बेडूक राहतो. ह्या रोगानें तेथील तळींच्या तळीं ओस पाडलीं. संशोधकांनीं प्रयोगशाळेंत ह्या जातीच्या कांहीं बेडकांना जांभळ्या जंतूंचें स्नान घातलें आणि मग बुरशीचा संसर्ग केला. ज्यांना हें स्नान घडलें नव्हतें ते रोडावले व मरूं लागले. ज्यांना घडलें होतें ते जगले. हा प्रयोग २००९ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां आशा वाटणें स्वाभाविक होतें कीं आतां औषध हातीं लागलें; बाटल्या भराव्यात आणि रानोरान शिंपडीत जावें.

परंतु एकाच विरजणानें सर्वत्र दहीं लागत नाहीं; दूध थंड असेल तर तें लागतच नाहीं, हें कोणतीहि गृहिणी सांगेल. पनामांत सोनेरी रंगाचा एक सुंदर बेडूक आहे. त्या देशांत तो भाग्याचें चिन्ह मानला जातो, आणि ह्या रोगानें तो रानांतून जवळजवळ नाहींसा केला. बंदिवासांत वाढविलेल्या अशा सोनेरी बेडकांवर तोच जांभळा जंतु चढविण्यांत आला. आरंभीं तो त्यांच्या अंगावर भरपूर होता. पण कांहीं आठवड्यांत त्याची संख्या घसरली, बुरशीनें उचल खाल्ली, आणि बेडूक मरण पावले. मग संशोधकांनीं विचार केला कीं, परका जंतु टिकत नसेल तर पनामांतीलच बेडकांच्या अंगावरचे जंतु घेऊन पाहावें. २०१५ सालीं त्याचाहि वृत्तांत प्रसिद्ध झाला. तेहि जंतु नीटसे रुजले नाहींत. मात्र त्या प्रयोगांत एक लक्षणीय गोष्ट दिसली. कांहीं बेडूक रोगांतून बरे झाले, आणि तपासून पाहतां असें आढळलें कीं, संसर्गापूर्वींपासूनच त्यांच्या कातडीवरचा जंतुसमूह इतरांहून वेगळा होता. बाहेरून आणलेल्यानें नव्हे, तर मूळच्या वस्तीनें त्यांना साथ दिली असावी.

ह्या यशापयशांतून जो धडा निघतो तो साधा आहे. राखणदार नुसता शूर असून भागत नाहीं. त्याला त्या घरांत राहतां आलें पाहिजे. तेथील थंडी-ऊब त्याला मानवली पाहिजे, कातडीवरच्या जुन्या रहिवाशांशीं त्याचें पटलें पाहिजे, आणि ज्या प्राण्यासाठीं तो आणला त्याखेरीज मासे, किडे, इतर बेडूक ह्यांना त्यापासून अपाय होतां कामा नये. आणखी एक अपेक्षा अशी कीं, तो एका पिढींतून दुसऱ्या पिढींत आपोआप जावा. नाहींतर दरसाल प्रत्येक बेडकाला पकडून स्नान घालणें कोणास शक्य आहे? निसर्गांत असें होतें, ह्याचीं चिन्हें आहेत. मध्य अमेरिकेंत काचेसारख्या पारदर्शक पोटाचा एक बेडूक आहे. त्याचा नर पानावरच्या अंड्यांची राखण करतो. ह्या राखणींत बापाच्या अंगावरचे बुरशीनाशक जंतु अंड्यांवर उतरत असावेत, असें २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिसून आलें.

आतां आपल्या घराकडे वळूं. कायट्रिड बुरशी भारतांत आहे काय? होय, आहे. २०११ सालीं केरळांतील संशोधकांनीं पश्चिम घाटांतील एका बेडकावर ती असल्याचें प्रथम नोंदविलें. पुढें २०१३ सालीं नीलेश डहाणूकर, आनंद पाध्ये, संजय मोलूर आदि संशोधकांनीं ती उत्तर सह्याद्रींतहि, आपल्या महाराष्ट्राच्या बाजूस, असल्याचें सिद्ध केलें. तीन जातींच्या बेडकांवर ती मिळाली, आणि तिन्ही जाती पश्चिम घाटाबाहेर कोठेंहि सांपडत नाहींत. त्यांपैकीं दोन जातींच्या बेडकांवर रोगाचें बाह्य लक्षण दिसलें नाहीं. तिसऱ्या जातीच्या कातडीवर मात्र व्रण होते, ती तपकिरी पडली होती, आणि तिचे पोपडे निघत होते. ही तिसरी जात म्हणजे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली ह्यांचें नांव धारण करणारा निशाचर बेडूक. पावसाळ्यांत सह्याद्रीच्या ओढ्यांवर झुकलेल्या पानांवर त्याचीं अंडीं असतात, आणि पिल्लें तेथून खालच्या पाण्यांत पडतात.

ह्या शोधांत दिलासा देणारी गोष्ट अशी कीं, सांपडलेली बुरशी ही आशियांतच मुरलेल्या एका वंशाची निघाली. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रांतील कार्तिकेयन वासुदेवन व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१८ सालीं देशाच्या निरनिराळ्या भागांतील बेडकांची तपासणी प्रसिद्ध केली. तींतहि बुरशीचे प्रकार पुष्कळ, पण बाधित बेडकांचें प्रमाण थोडें, असेंच दिसलें. बेडूक आणि बुरशी येथें दीर्घकाळ एकत्र नांदत आले असावेत. आशियांतील बेडकांना रोगाची झळ कमी लागते, ह्याचें श्रेय हवेला किती, बेडकाच्या स्वतःच्या स्रावांना किती, आणि कातडीवरच्या जंतूंना किती, हाच आतां संशोधनाचा विषय आहे. ह्याच केंद्रानें २०२१ सालीं आपल्याकडील बेडकांच्या कातडीवरील जंतुसमूहाचें वर्णन प्रसिद्ध करून ह्या दिशेनें पाऊल टाकलें आहे.

हवेचा भाग समजण्यास अजिंठा आणि सह्याद्रि ह्यांची तुलना पुरेशी आहे. ही बुरशी १७ ते २५ अंश उष्णतेंत उत्तम वाढते. २८ अंशांच्या पुढें तिची वाढ थांबते. अजिंठ्याच्या डोंगरांत उन्हाळ्यांत पारा चाळिशीच्या घरांत जातो; तेथील बेडूक ते दिवस जमिनींत दडून काढतात, आणि बुरशीला हा ऋतु पोषक नाहीं. उलट आंबोली, कोयना, महाबळेश्वर ह्या बाजूचे पावसाळी ओढे तिला मानवतील असेच आहेत, आणि जगांत इतरत्र कोठेंहि न आढळणारे बेडूक नेमके त्याच बाजूस आहेत. म्हणून धोका कोठें आहे हें सांगणें अवघड नाहीं. परदेशांत हाहाकार माजविणारा घातक वंश जर एखाद्या हौशी माणसाच्या शोभेच्या पेटींतून सुटून ह्या ओढ्यांत आला, तर आपल्या राखणदारांची खरी कसोटी त्या दिवशीं लागेल.

मग तें संकट येण्यापूर्वीं एखादा तयार जंतु आणून आपल्या ओढ्यांत सोडावा काय? येथें मला अजिंठ्याच्या चित्रांची आठवण आपणांस करून द्यावयाची आहे. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्यानें, गुलाम याजदानी त्याचे प्रमुख असतांना, १९२० ते १९२२ ह्या काळांत चेक्कोनी व ओर्सिनी ह्या दोन इटालियन तज्ज्ञांस पाचारण केलें. त्यांनीं सुटत चाललेला गिलावा पुन्हां भिंतीस धरून बसविला. हें त्यांचें श्रेय कायमचें आहे. पण रंग टिकावे म्हणून त्यांनीं चित्रांवर चपड्याचें वार्निशहि चढविलें. हेतु शुद्ध होता, आणि आरंभीं चित्रें उजळहि दिसलीं असतील. कालांतरानें वार्निश पिवळें-तपकिरी पडलें, त्यावर धूळ बसली, आणि खालचे रंग झांकोळले. पुढें लेणीं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आल्यावर त्याच्या रसायनज्ञांना तें वार्निश अंगुळ-अंगुळ जागेवरून उतरवीत वर्षानुवर्षें खपावें लागलें. वार्निश निदान उतरवितां तरी येतें. वाहत्या पाण्यांत सोडलेला, स्वतःची संख्या वाढविणारा जिवंत जंतु परत बोलावतां येत नाहीं.

ह्याचा अर्थ हातावर हात ठेवून बसावें असा नव्हे. उपायांचे इतरहि मार्ग निघाले आहेत. भूमध्य समुद्रांतील माजोर्का बेटावर संशोधकांनीं बेडकांचीं पिल्लें पाण्यांतून काढून त्यांना बुरशीनाशक औषधानें न्हाऊं घातलें, डबकीं कोरडीं करून धुतलीं, आणि तेथील कांहीं डबक्यांतून रोगाचें उच्चाटन केलें. हें यश २०१५ सालीं जाहीर झालें. मूठभर डबक्यांच्या बाबतींत हें साधलें. सह्याद्रीचे असंख्य ओढे कोण धुणार? ऑस्ट्रेलियांत काळा रंग दिलेल्या भोंकांच्या विटा कांचघरासारख्या लहानशा तंबूंत रचून ठेवल्या. बेडूक त्या उबदार भोंकांत जाऊन बसले आणि उष्णतेनेंच रोगमुक्त झाले. बरे झालेल्या बेडकांना पुढील संसर्ग सोसण्याची शक्तिहि आली, असें २०२४ सालीं प्रसिद्ध झालें. जंतूंचा उपाय मात्र प्रत्येक प्रदेशानें स्वतःच शोधावयाचा आहे. आपल्या ओढ्यांवर, आपल्याच बेडकांच्या अंगावर, कोणते जंतु राहतात, त्यांपैकीं कोणते बुरशीला रोखतात, आणि ऋतूंप्रमाणें ते कसे बदलतात, ह्याची यादी संकट येण्यापूर्वीं तयार हवी. पुण्या-मुंबईच्या आणि छत्रपति संभाजीनगरच्या महाविद्यालयांतील तरुणांना ह्याहून उपयुक्त काम कोणतें सांगावें?

यादी तयार होईपर्यंत असलेले राखणदार जपणें हें मात्र तुमच्या-आमच्या हातांत आहे. परदेशी बेडूक हौसेनें विकत घेऊं नये. घेतलाच असेल तर तो किंवा त्याचें पाणी ओढ्यांत, तळ्यांत वा गटारांत सोडूं नये. पावसाळी सहलींत एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जातांना जोड्यांचा चिखल धुऊन ते पुरते वाळूं द्यावे; ही बुरशी कोरडेपणा सोसूं शकत नाहीं. डांसांचें मलम चोळलेल्या हातानें बेडूक उचलूं नये; त्या हातांतून त्याच्या कातडीला आणि तिच्यावरच्या वस्तीला काय लागेल हें आपणांस दिसत नाहीं. आणि एखाद्या ओढ्यावर एकाच वेळीं पुष्कळ बेडूक मेलेले दिसले, तर तें अशुभ मानून पुढें जाण्याऐवजीं वनखात्यास किंवा जवळच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या अध्यापकास कळवावें. इतर देशांत हा रोग ओळखूं येईपर्यंत ओढे मुके झाले होते. आपल्याला तो अगोदर ठाऊक झाला आहे. हा अवधि वायां जाऊं नये, एवढेंच माझें सांगणें आहे.